जालन्याची मॅच आणि यमूचं माहेर

आमच्या देऊळगाव राजाहून जालन्याला जाणारा रस्ता चांगला आहे. दुतर्फा कडुलिंब आहेत, पौषात दोन्ही अंगांना ज्वारी डोक्यावर गेलेली असते आणि मोटार फारशी आदळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं बहुतेक सगळं मी रागात लिहिणार आहे आणि मग रस्त्याची तारीफ राहून जाईल. परत येऊन पुष्कळ दिवस झाले, तरी राग उतरलेला नाही.

आमच्या गावात अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांनी हद्दीपलीकडच्या मोगलाईत कधी पाऊल टाकलेलं नाही. पण मोगलाईतली माणसं कशी असतात, हे ती पारावर बसून खात्रीनं सांगतात. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

माझी कामं दोन होती. पहिलं मॅचचं. दर वर्षी संक्रांतीनंतर आमच्या गावाची आणि जालन्याची क्रिकेटची मॅच होते, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. इकडे इंग्रजांचा अंमल, तिकडे निजामाचा. सरकार वेगळं, नाणं वेगळं, कचेरीची भाषा वेगळी, सुट्टीचा वारसुद्धा वेगळा. त्यामुळे ही मॅच दोन गावांची कधी राहिलीच नाही. वऱ्हाड विरुद्ध मोगलाई असंच लोक म्हणतात, आणि ज्यांना बॅट कुठल्या बाजूनं धरतात ते ठाऊक नाही, तेही लढाईवर निघाल्यासारखे बोलतात. मी शाळामास्तर आहे. संघात यष्टीमागे उभा राहतो.

दुसरं काम मुराळ्याचं. माझी धाकटी बहीण यमुना, आमची यमू, मोगलाईत कुंभार पिंपळगावला दिलेली आहे. तिला सातवा महिना लागला होता. मागच्या खेपेला, ऐन पावसाळ्यात, तिचं पाच महिन्यांचं गेलं. गावातली सुईण तापानं पडलेली, ओढ्याला पूर, गाडी निघेना. यमू कशी वाचली ते तिचं तिलाच ठाऊक. तेव्हापासून आईनं एकच धरून ठेवलं होतं, या खेपेला पोरीला सातव्यातच घरी आणायचं. यमूच्या सासऱ्यांनी होकारही कळवला होता. यमूचा नवरा रंगनाथ जालन्यात एका कापसाच्या जिनात कारकून आहे आणि जालन्याच्या संघातला भरवशाचा फलंदाज. तेव्हा मॅच खेळायची, दाजींबरोबर पिंपळगावला जायचं आणि यमूला घेऊन यायचं, असा सरळ बेत होता.

नाक्यावर

हद्दीवर करोडगिरीचा नाका लागतो. मोगलाईत जकातीला करोडगिरी म्हणतात. म्हाताऱ्या नाकेदारानं सामान उतरवायला लावलं आणि एक बॅट हातात घेऊन तोलून पाहिली.

"ये बेचने को है?"

"खेलने को," मी म्हणालो.

आमचे कप्तान बाळासाहेब मोटारीतून उतरले नव्हते. त्यांची स्वतःची जिनिंग आहे, निम्मं गाव त्यांच्या कापसावर जगतं, आणि मॅट, चेंडू, मोटार हा सगळा खर्च त्यांचाच. ते आतूनच ओरडले, "त्याला म्हणावं, परत जाताना कप दाखवतो, त्यावर जकात घे!"

मोटारीत हशा झाला. नाकेदारानं बॅट पुसून माझ्या हातात दिली आणि मराठीत म्हणाला, "मास्तर, माझं पोरगं बी जालन्याच्या टीममधी हाय. बॉल जरा जपून टाका म्हनावं." आणि आम्हाला सोडलं. एवढं साधं बोलणं बाळासाहेबांना मात्र टोचलं. जालना येईपर्यंत ते 'मोगलाईची मस्ती' या विषयावर बोलत राहिले.

जालना

जालना मोठं गाव आहे. पौषात जिनांच्या फाटकांपासून पार नदीपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि हवेत कापूस उडत असतो. निम्मी माणसं शिंकत व्यापार करतात. दुकानांच्या पाट्या उर्दूत. मी इकडचा मास्तर, तिकडे अंगठाछाप. औषधाचं दुकान समजून मी अत्तरवाल्याकडे शिरलो आणि खोकल्याची गोळी मागितली. त्यानं हसत माझ्या मनगटाला अत्तराचं बोट लावलं. "इससे भी जाती है," म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मॅचही शुक्रवारी. जालन्याचे कप्तान एक वकीलसाहेब, पिकल्या दाढीचे. शेरवानी काढून तिची नीट घडी घातल्याशिवाय ते मैदानात उतरत नाहीत. त्यांच्या संघात हिंदू होते, मुसलमान होते, एक मारवाडी होता. आमच्याही संघात तसंच. दोन्हीकडचे लोक शिव्याही एकाच मराठीत देत होते.

मॅच चुरशीची झाली, हे मी खोटं सांगणार नाही. आम्ही आधी खेळलो. दुपार कलली तेव्हा त्यांची शेवटची जोडी मैदानात होती, जिंकायला चार धावा हव्या होत्या आणि बॅट दाजींच्या हातात होती. लोक सीमारेषेच्या आत सरकत सरकत आले होते.

दाजींनी चेंडू समोर ढकलला आणि दोघं दोन धावांसाठी पळाले. चेंडू बाळासाहेबांकडे गेला. त्यांची फेक घ्यायला मी स्टंपांच्या पुढे सरकलो. त्यांनी सगळी ताकद लावून फेकला, मॅटच्या काठावर टप्पा पडला आणि चेंडू उसळून माझ्या तोंडावर बसला. मी मॅटवर कोसळलो. दुसरी धाव तेव्हा पुरी झालेली होती. दाजींची बॅट रेषेच्या आत टेकली होती, ते मी पडता पडता पाहिलं. मग त्यांनी बॅट टाकली, रेषेबाहेर धावत आले आणि माझं डोकं मांडीवर घेतलं.

"दादा, तोंड उघडा. रक्त थुंका, गिळू नका. पानी आना रे कुनी जल्दी!"

बाळासाहेब धावत येताना दिसले. मला वाटलं, मला पाहायला येताहेत. त्यांनी माझ्या हाताजवळ पडलेला चेंडू उचलला, आम्हा दोघांना वळसा घातला आणि स्टंप उडवले.

"हाऊज दॅट!"

त्या बाजूचा पंच आमचा होता, बाळासाहेबांच्या जिनातला मुनीम. त्यानं बोट वर केलं. आम्ही एका धावेनं जिंकलो.

मला ओरडायचं होतं. तोंडात रक्त आणि दाताचे तुकडे, त्यातून घरघर तेवढी निघाली. वकीलसाहेब स्वतः पाण्याची सुरई घेऊन आले. माझं तोंड धुतलं आणि मग बाळासाहेबांकडे वळून शांतपणे म्हणाले, "साहब, कानून तुमचा बराबर आहे. लेकिन याला खेळ म्हणत नाहीत."

लोक खवळले होते. मोटारीवर ढेकळं पडली, एक काच फुटली. तेव्हा हेच वकीलसाहेब दोन्ही हात पसरून मोटारीपुढे उभे राहिले. "पंच ने दिया तो दिया. घर जाव!" आपल्या गावात कुणी आपल्या माणसांपुढे असं उभं राहील का, याचा पारावरच्या मंडळींनी विचार करावा.

पण त्या गर्दीला आमचा आला तितकाच, किंबहुना जास्तच, राग दाजींचा आला होता. "वऱ्हाडाचा जावई! सासुरवाडीला मॅच आहेर केली!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या मैदानानं ते उचललं. दाजी माझ्या रक्तानं भरलेला सदरा घालून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

डॉक्टरांनी माझे दोन दात काढले. खाटेवर पडलो होतो तेव्हा बाळासाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या दातांनी मॅच जिंकली!" मला बोलता येत नव्हतं. मी तोंडातला रक्ताचा बोळा काढला आणि त्यांच्या पेढ्यांवर ठेवला. "ताप चढलेला दिसतो," असं म्हणून ते गेले. संघ त्याच संध्याकाळी वाजतगाजत परतला.

अंबडची वाट

सकाळी दाजी आले तेव्हा त्यांच्या काखेत वळकटी होती. जिनाच्या मालकानं सांगितलं होतं, आठ दिवस तोंड दाखवू नको.

अंबडपर्यंत मोटार आहे. मत्स्योदरी देवीची टेकडी लांबूनच दिसायला लागते, आणि प्रवासी बसल्या जागी हात जोडतात. आमच्यापुढे दोघे व्यापारी बसले होते. त्यांनी हात जोडले आणि लगेच मॅचच्या गप्पा पुढे चालू केल्या.

"म्हन्तात, सासऱ्यानं जावयाला घड्याळ कबूल केल्तं."

"घड्याळ न्हाई, सायकल."

दाजी खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. पण जबडा फडक्यानं बांधलेला माणूस कुणाशी भांडणार?

अंबडला दाजींची गाडी ठेवलेली होती. पुढची वाट बैलगाडीची, घनसावंगीवरून. काळी जमीन, दोन्हीकडे ज्वारी, मधूनच कपाशी आणि लांबवर एखादी मोट चाललेली. अंबड सुटल्यावर मी कसाबसा विचारलं, "दाजी, तुम्ही रेषेबाहेर का आलात?"

त्यांनी कासरा ओढून गाडी थांबवली.

"तुम्ही बी हेच इचारून राह्यले का? सारा गाव इचारून राह्यला, मालक इचारून राह्यला. आता दादा, तुम्ही तरी दुसरं कायबी इचारा. हे न्हाई."

त्यांनी बैलांना हाक दिली आणि गाडी पुन्हा चालू लागली.

घनसावंगीच्या अलीकडे एका शेतात हुरड्याची आगटी पेटलेली होती. शेतकऱ्यानं बांधावरूनच हाक मारली, "पाव्हणं, हुरडा खाऊन जावा!" मोगलाईतली ही रीत मला फार आवडते, आमच्याकडे ओळख काढून मग हाक मारतात. त्यानं गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून कणसं काढली, हातावर चोळली आणि गरम गरम हिरवे दाणे आमच्यापुढे केले, वर शेंगदाण्याची चटणी. वर्षभर मी या हुरड्याची वाट पाहिली होती. एक दाणा चावला आणि डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या बायकोनं माझं फडकं पाहिलं, काही न विचारता खोपीत गेली आणि ज्वारीच्या मऊ कण्या ताकात कालवून घेऊन आली. सगळ्या प्रवासात मी इतकं गोड काही खाल्लं नाही.

आणि मग त्या भल्या शेतकऱ्यानं विचारलं, "अंबडाहून आले का? जालन्याची मॅच कोन्या जावयानं विकली म्हन्तात, खरं का?"

दाजींनी हातातला हुरडा खाली ठेवला. "खोटं हाय," एवढंच म्हणाले आणि बैल जुंपायला उठले.

कुंभार पिंपळगाव

आम्ही पोचलो तेव्हा यमू दारातच उभी होती. माझं तोंड पाहून तिनं पदर तोंडाला लावला. ती वाळलेली दिसत होती; पोट तेवढं पुढे आलेलं. आत जाऊन तिनं गरम पाणी आणलं, आणि मी खूण करून विचारलं तेव्हा नुसती मान हलवली. ठीक आहे, अशी.

यमूचे सासरे, आबा, गावातले जुने जमीनदार. शब्दाचे पक्के म्हणून त्यांचा लौकिक. ओसरीवर मला मानानं बसवलं, चहा झाला आणि ते बोलले.

"पाव्हणं, जेवा, ऱ्हावा, चार दिस आराम करा. पर सूनबाई न्हाई यायची."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आबा, तुम्ही होकार कळवला होता."

"कळविल्ता. मॅचच्या आधी कळविल्ता. आता माझ्या पोरानं मॅच सोडली म्हून सारा मुलूख बोलून राह्यला, अन् आज मी सून तुमच्या संगट धाडू? लोक म्हन्तील, सौदा झाल्ता. मॅच दिली अन् बाळंतपनाचा खर्चा वाचिवला."

"लोकांचं सोडा. तिच्या जिवाचं काय? मागच्या खेपेला..."

"मागच्या खेपंला पूर आल्ता. आता चैतात वढ्याला पानी बी नसतं."

जणू माझ्या बहिणीचा जीव ओढ्याच्या पाण्यातच अडकला होता! मी जबड्याची पर्वा न करता ओरडलो. मी दातांचं सांगितलं, बाळासाहेबांचं सांगितलं, औट कसा खोटा ते सांगितलं. आबा तितक्याच मोठ्यानं म्हणाले, की वऱ्हाडातली माणसं अशीच, मागच्या सालीही तुमच्या पंचानं असंच केलं होतं. मी मागच्या सालचं उत्तर दिलं. त्यांनी त्याच्या मागच्या सालचं काढलं. आणि दाजी खांबाला टेकून बसले होते, घुम्यासारखे. त्यांच्याबद्दल मला कालपर्यंत वाटत होतं ते सगळं त्या घटकेला आटून गेलं.

यमूच्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, जेवायला वाढलं. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी, आणि त्यात भाकरी अगदी बारीक कुस्करून. ताट माझ्यापुढे ठेवताना त्या हळूच म्हणाल्या, "म्या सांगून पाह्यलं. माझं कोन ऐकतंय?"

दुसऱ्या सकाळी मी जांबला चालत गेलो. समर्थांचं जन्मगाव इथून जवळच आहे. देवळात शांत वाटतं असं सगळे सांगतात. देऊळ खरंच स्वच्छ आहे, गार आहे. मी डोळे मिटून बसलो. राग जरा खाली बसू लागला, तोच शेजारी बसलेल्या भल्या गृहस्थांनी माझा बांधलेला जबडा पाहून विचारलं, "देऊळगावचे का? मंग औट बराबर व्हता का हो?" मी प्रदक्षिणा न घालताच उठलो. त्या संध्याकाळीही ओसरीवर आबांचं आणि माझं तेच भांडण झालं.

बाजाराचा दिवस

तिसऱ्या दिवशी पिंपळगावचा आठवडी बाजार होता. सकाळीच ओसरीवर बाजाराला निघालेले दोघे-तिघे जण आबांपाशी टेकले होते. दाजी खांबाशी, मी समोर. अर्थातच मॅच चालू होती.

तेवढ्यात यमू बाहेर आली. परक्या माणसांपुढे त्या ओसरीवर सुना येत नाहीत. डोक्यावर पदर, काखेत बोचकं. येऊन ती दाजींपुढे उभी राहिली.

"इकडं बघा. दादाला लागलं तवा तुम्ही रेघ सोडून भाईर गेल्ते का न्हाई?"

दाजींनी मान वर केली. "गेल्तो."

"कुनी सांगितलं व्हतं?"

"कुनी न्हाई. रक्त दिसलं, गेलो."

"सारे लोक बघत व्हते, तरी?"

"तवा लोक दिसले न्हाईत."

"मंग मागच्या साली माझं रक्त तुम्ही ह्याच घरात बघितलं. त्याच्या दोन दातांसाठी जागा सोडली, अन् माझ्यासाठी खांब सोडवंना का? आता बरे लोक दिसून राह्यले!"

मग ती माझ्याकडे वळली.

"अन् दादा, तू बी. न्यायला आलास म्हन्तोस, अन् दोन दिस झाले आबांशी मॅचचंच भांडून राह्यलास. मागच्या सालचा औट, त्याच्या मागच्या सालचा औट. माझं कोन बोलून राह्यलंय ह्या घरात?"

दाजी उठले. सरळ गोठ्यात गेले आणि बैल सोडले.

"रंगनाथ! खाली बस," आबा गरजले.

"आबा, म्या मॅच सोडली न्हाई. मानूस पडल्ता, उचलाया गेल्तो. तुम्हाला लोकांचं खरं वाटत असंल तर वाटू द्या. हिला म्या नेतो." त्यांनी जू बैलांच्या मानेवर ठेवलं. "अन् मागच्या वाटंनं न्हाई. बाजारातूनच नेतो."

आबांनी तोंड फिरवलं आणि ते आत निघून गेले. मागच्या दारात आत्याबाईंनी यमूची ओटी भरली, येसराची पुरचुंडी तिच्या बोचक्यात कोंबली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "जा बाई. जपून जा."

बाजार गच्च भरलेला होता. गाडी मधून चालली तशी माणसं बाजूला होत होती आणि बोलणं थांबत होतं. एका कापडवाल्यानं हसत विचारलं, "काय रंगनाथ, सासुरवाडीला का?" दाजींनी गाडी थांबवली.

"हौ. बायकोला पोचवाया. आनखी कुनाला काय इचारायचं असंल तर आत्ता इचारा."

कुणीही विचारलं नाही. एक कासारीण तेवढी आपल्या पालातून उठून आली, यमूच्या हातात दोन हिरव्या बांगड्या चढवल्या आणि मागे वळून बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोटुशी बाई उन्हात थांबलीया. हाका गाडी!"

घरी

यमू सुखरूप घरी आली, दाजीही सोबत आले. आई यमूला धरून रडली, मग माझ्या तोंडाकडे पाहून पुन्हा रडली. प्रवास इथे संपायला हवा होता.

दुपारी बाळासाहेबांचा माणूस ताट घेऊन आला. ताटात जरीचा फेटा आणि नारळ. "जावईबापूंचा मान. मोगलाईत राहून आपल्या माणसांना जागलात, असं मालकांनी सांगितलंय."

दाजींचा चेहरा पांढरा पडला. तिकडे लोकांनी शिव्या दिल्या ते त्यांनी सोसलं होतं. इथे शाबासकी मिळाली, तीही त्याच खोट्यासाठी. फक्त म्हणाले, "यमू, म्या निघतो," आणि ऊन उतरायच्या आत गाडी जुंपून निघून गेले.

मी ते ताट उचललं आणि भर बाजारातून बाळासाहेबांच्या जिनात गेलो. ते गादीवर बसले होते, मुनीम शेजारी. कप मागच्या कोनाड्यात, त्याला हार घातलेला. मी फेटा त्यांच्या पुढ्यात टाकला.

"हे काय, मास्तर?"

"आमच्या जावयानं तुम्हाला काही दिलेलं नाही. तुम्ही ते उचलून घेतलंत."

ते हसले. "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. नियमात काय चूक होती, ते सांगा."

"नियमात काहीच चूक नव्हती. मी तुमच्या पायाशी रक्त ओकत होतो आणि तुम्ही माझ्या हाताजवळून चेंडू उचललात. मला ओलांडून जायलासुद्धा तयार होतात तुम्ही."

"पण जिंकलो ना?" मुनीम मधेच म्हणाला.

मी निघालो. तेव्हापासून मी संघात नाही, आणि गावातल्या अर्ध्या लोकांच्या मते मी मोगलाईला फितूर आहे.

चैत्रात यमू बाळंत झाली. अवघड गेली, दोन रात्री आई तिच्या उशाशी बसून होती. पिंपळगावला ती वाचली नसती, असं आमच्या सुईणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मुलगी झाली. दाजी लगेच येऊन पाहून गेले. त्यांचं जिनातलं काम पुन्हा सुरू झालं होतं; संघ मात्र त्यांनीही सोडला होता. जाताना म्हणाले, "आबा माझ्याशी बोलत न्हाईत. म्या बी बोलत न्हाई."

त्यानंतर चार-सहा दिवसांनी, भर दुपारी, आमच्या दारापुढे एक गाडी थांबली. त्यातून आबा उतरले. एकटेच. डोक्याला मोठा रुमाल, हातात तुपाचा डबा, गाडीत ज्वारीचं पोतं. ते कधीही हद्द ओलांडून इकडे आले नव्हते. मी पुढे झालो.

नेमका तेव्हाच मुनीम रस्त्यानं चालला होता. आमच्या दारात मोगलाईतली गाडी पाहून, आबा कोण ते ताडून थांबला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "या, या पाव्हणं! पुढच्या मॅचची बोलणी करायला आलात की काय?"

आबांनी तुपाचा डबा माझ्या हातात दिला. सावकाश वळले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या.

"नात बघाया आलोय," ते म्हणाले. "तुमची मॅच गेली चुलीत."

मग मुनिमाकडे पाठ करून त्यांनी जोडे काढले आणि मला म्हणाले, "चला मास्तर. कुठाय ती, दाखवा."